जुना वस्तरा, नवी लाकडी मूठ: गंजक्या पात्यापासून पहिल्या दाढीपर्यंत

पुण्यात जुना बाजार भरतो ना, बुधवार-रविवारचा, तिथे नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं आणि कसले कसले चार्जर यांच्या ढिगात एखादा वस्तरा पडलेला असतोच. विकणाऱ्याला तो काय आहे हे नीट माहीत नसतं, आपल्याला माहीत आहे असं आपल्याला वाटत असतं, आणि तिथेच बहुतेक पैसे वाया जातात. माझे पहिले दोन वस्तरे असेच वाया गेले. तिसरा जमला, आता त्याला शिसवी मूठ आहे आणि आठवड्यातून तीनदा मी त्यानेच दाढी करतो. तेव्हा जे चुकलो आणि जे जमलं ते सगळं इथे ओळीने सांगतो.

आधी हे समजून घ्या की आपण बोलतोय ते खऱ्या वस्तऱ्याबद्दल, म्हणजे अखंड पोलादी पातं असलेल्या. आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवायचा जो उस्तरा असतो तो नाही. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचा तो. आपल्याकडे सापडतात त्यातले चांगले बहुतेक इंग्लंडच्या शेफिल्डचे नाहीतर जर्मनीच्या झोलिंगेनचे, इंग्रजांच्या काळात आलेले. पात्याच्या मानेवर, म्हणजे धार संपते आणि अंगठा बसतो तिथे, शिक्का असतो. जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर, जॉर्ज वॉस्टनहोम ही शेफिल्डची मोठी नावं. मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' अशी अक्षरं दिसली तर ती व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १८३७ ते १९०१ मधलं काहीतरी. पण शिक्का बघून लगेच हुरळून जायचं नाही, शिक्क्याने दाढी होत नाही.

घ्यायचा की सोडायचा

बघायची असते ती धार, आणि धारेपासून वरचे तीन-चार मिलिमीटर. पात्याच्या पोटावर गंजाचे डाग, काळपटपणा, अगदी खड्डेसुद्धा चालतात. धारेच्या कडेला खड्डे असतील तर सोडून द्या, कारण पाजळताना धार त्या खड्ड्यात पोचली की चिरमुऱ्यासारखी तुटत जाते आणि तुम्ही घासत घासत निम्मं पातं संपवता. माझा पहिला असाच गेला.

मग वस्तरा एका सपाट काचेवर आडवा ठेवून धारेची रेघ बघा. मधे किंचित फुगलेली, हसऱ्या तोंडासारखी असेल तर हरकत नाही. मधे आत गेलेली, रडक्या तोंडाची असेल तर कुणीतरी ती चुकीच्या दगडावर घासघासून खाल्लीय, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका. पाठही बघा. एका बाजूने सपाट घासली गेलेली रुंद पट्टी आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही असं असेल तर तो वस्तरा पुढे दगडावर तुमचा अंत बघणार.

तडा शोधायला पातं उघडून नखाने हलकी टिचकी मारा. पातळ, खोलगट घासलेलं पातं बारीक टण्ण वाजतं, तडा असेल तर आवाज बसका येतो. जाड पातं तसंही फार वाजत नाही, तिथे भिंगच लागतं. आणि पात्यावर कुठे गवती पिवळा किंवा निळसर पट्टा दिसला तर समजा कुणीतरी ग्राइंडरवर धरून तापवलंय, तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, धार टिकणार नाही.

आता मूठ. इथे माझं स्पष्ट मत आहे की जुनी मूठ शाबूत असेल तर ती बदलूच नका. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ थोडी कोरडी पडलेली असेल तर तेल लावून, हलकं पॉलिश करून सुंदर होते. मूठ हस्तिदंती वाटली, बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसली, तर त्या व्यवहारात पडूच नका, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. मूठ फुटलेली, किड्याने खाल्लेली किंवा सेल्युलॉइडची असेल तेव्हाच नवी करायची. सेल्युलॉइड ओळखायची सोपी खूण म्हणजे अंगठ्याने जोरात चोळा आणि वास घ्या, कापरासारखा वास येतो कारण त्यात कापूर असतोच. हे सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजतं, आम्लाची वाफ सोडतं, आणि मिटलेल्या पात्यावर बरोबर मुठीच्या आकाराचा गंज चढवतं. ते भडकन पेटतंसुद्धा, म्हणून काडी लावून वगैरे तपासायला जाऊ नका.

मूठ सोडवणं

वस्तऱ्याच्या मुठीत दोन पट्ट्या असतात, एका टोकाला पातं फिरतं ती रिबिट, दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांमधे पाचर आणि तिथली रिबिट, आणि कधीकधी मधे तिसरी. काहीही करण्याआधी काचेच्या पेल्याच्या कडेवर धार दोनदा हलकेच ओढून बोथट करा आणि वर मास्किंग टेप लावा. धार तर आपण पुढे नवीनच काढणार आहोत, बोटं नवीन येणार नाहीत.

रिबिटीचं डोकं हातोडीने ठोकून काढायचं नाही. बारीक कानशीने डोकं सपाट करायचं, मधोमध टोच्याने खूण करायची, दीड मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने थोडं कोरायचं आणि मग बारीक पंचाने ढकलायचं. खाली लाकडाला भोक पाडून आधार द्या. जुन्या शेफिल्डच्या वस्तऱ्यात पाचर बऱ्याचदा शिशाची निघते, करडी, मऊ, आकाराच्या मानाने जड. ती घासू नका, बाजूला ठेवा, हात साबणाने धुवा. आणि जुन्या फुटक्या पट्ट्या फेकू नका, नव्या मुठीचा साचा त्याच.

गंज

रात्रभर पातं रॉकेलमधे किंवा डब्ल्यूडी-४० मधे बुडवून ठेवायचं. सकाळी निम्मी घाण चिंधीनेच निघते. उरलेल्यासाठी तीन शून्यवाली स्टील वूल. व्हिनेगर, लिंबू, चिंच यांच्या वाटेला जाऊ नका. तांब्याच्या भांड्याला जे चालतं ते कार्बन स्टीलला चालत नाही, आम्लाने गंज जातो पण पातं मढ्यासारखं राखाडी होतं आणि मग ते घालवायला दुप्पट घासावं लागतं.

नंतर पॉलिश पेपर, ओला-सुका दोन्ही चालणारा, तेल लावून. ४०० पासून सुरू करा, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. खोलगट पात्यासाठी कागद खोडरबराच्या तुकड्याला किंवा बाटलीच्या बुचाला गुंडाळायचा म्हणजे तो आत बसतो. पातं लाकडाच्या ठोकळ्यावर टेबलाच्या कडेला सपाट टेकवून घासायचं, हात नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर निसटेल असा, बाहेरून धारेवर चालून येणारा कधीच नाही. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा कंटाळवाणा भाग आहे, रेडिओ लावा. शेवटी ब्रासो.

इथे मोह होतो तो बफिंग मशीनचा. नका करू. पातळ धार दोन सेकंदात तापते, दोनशे अंशाच्या आसपास गेली की कडकपणा उतरायला लागतो, आणि चाकाने पातं हातातून हिसकावलं तर ते कुठे जाईल सांगता येत नाही. रस्त्यावर सायकलचं चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे येतात, त्यांच्याकडेसुद्धा वस्तरा देऊ नका, ते त्यांच्या कामात तरबेज असतात पण वस्तरा त्या चाकाचं काम नाही.

आणि सगळं आरशासारखं करायची गरज नसते. खोल खड्डे घालवायला जेवढं पोलाद काढाल तेवढं पातं अशक्त. माझ्या वस्तऱ्याच्या पोटावर अजून तीन काळे ठिपके आहेत, गंज मेलेला आहे, राहू देत. पात्यावर सोनेरी नक्षी किंवा कोरलेली अक्षरं असतील तर तिथे ब्रासोसुद्धा नको, सोनं दोन हातांत पुसलं जातं.

लाकूड

लाकूड घट्ट, तेलकट, बारीक रेषेचं आणि मुख्य म्हणजे मुरलेलं हवं. शिसव उत्तम. बाभळीचा आणि चिंचेचा गाभा छान होतो, खैर फारच कडक पण पॉलिशला देखणा. सागवान टिकाऊ आहे पण तीन मिलिमीटर जाडीत मला तो जरा ठिसूळ वाटतो, रिबिटीजवळ चिरतो. नवीन लाकूड विकत घ्यायची गरजच नाही, माझी मूठ मावशीच्या वाड्यातल्या मोडक्या शिसवी खुर्चीच्या पायातून निघाली. पन्नास-साठ वर्षं घरात मुरलेलं लाकूड, यापेक्षा काय हवं. नाहीतर भवानी पेठेत टिंबर मार्केटला नाहीतर जवळच्या सुताराकडे तुकडे मिळतात. शिसवीची पूड नाकात-डोळ्यात गेली की काही लोकांना ॲलर्जी येते, मास्क लावा.

एकाच तुकड्यातून शेजारशेजारच्या दोन पट्ट्या काढा, साधारण १६० मिलिमीटर लांब, २५ रुंद, ३ जाड, रेषा लांबीच्या दिशेने. सुताराच्या मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे, हाताने अर्धा दिवस. दोन्ही पट्ट्या दुहेरी टेपने एकमेकींना चिकटवा, वर जुन्या पट्टीचा साचा ठेवून टोकदार पेन्सिलने आखा. जुनी पट्टी नसेल तर माप घ्यायची युक्ती अशी की पात्याच्या भोकापासून पात्याच्या टोकापर्यंत मोजा, त्यात आठ-दहा मिलिमीटर मिळवा, पाचर त्याच्या पुढे सुरू झाली पाहिजे. नाहीतर मिटताना पात्याचं नाक पाचरीवर आपटतं. माझ्या दुसऱ्या वस्तऱ्याला नेमकं हेच झालं होतं, सगळं जोडून, पॉलिश करून झाल्यावर कळलं.

कापायच्या आधी भोकं पाडा, १.६ मिलिमीटरची, काटकोनात. हाताने तिरकं जात असेल तर ड्रिल स्टँडवाल्या कुणाकडून करून घ्या, कारण फिरण्याचं भोक तिरकं गेलं तर पातं जन्मभर एका बाजूला घासत मिटणार. मग फ्रेट सॉने बाहेरून एक मिलिमीटर सोडून कापा, कानशीने रेघेपर्यंत आणा, आणि मग पॉलिश पेपर. कडा आतून-बाहेरून गोल करा, ओल्या हातात धरायचंय.

टेप सोडवली की आधी पट्ट्यांची आतली बाजू पूर्ण करून घ्यायची. सगळे हेच विसरतात. जोडल्यावर आत बोट जात नाही, आणि पाणी आधी तिथेच साठतं. मी डबल बॉइल्ड जवसाचं तेल वापरतो, पेंटच्या दुकानात मिळतं. पातळ हात, वीस मिनिटांनी पुसायचं, एक दिवस वाळवायचं, असे सहा-सात हात. पावसाळ्यात प्रत्येक हाताला दोन दिवस धरा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पाण्यात भिजवून किंवा दोरीवर पसरून वाळवा. चपडी लाखेचं पॉलिश दिसायला राजेशाही, पण आफ्टरशेव्हमधल्या अल्कोहोलने विरघळतं, म्हणून वस्तऱ्याला नको. झटपट आणि पाण्याला पक्कं हवं असेल तर सुपरग्लूचे पातळ थर देऊन घासायची पद्धत आहे, ती टिकते, पण मला ती हाताला प्लास्टिकसारखी लागते.

पाचर लहान दिसते पण सगळं तिच्यावर आहे. लाकडाची, शिंगाची किंवा पितळेची करा, आतल्या, म्हणजे पात्याकडच्या टोकाला अडीच मिलिमीटरच्या आसपास, बाहेरच्या टोकाला एकपर्यंत निमुळती. तिच्यामुळे दोन्ही पट्ट्यांना किंचित ताण येतो आणि पातं मधोमध तरंगतं. पाचर जाड झाली तर पट्ट्या मधून फाकतात, पातळ झाली तर पात्याला चिकटतात. दोन-तीन करून बघाव्या लागतात.

जोडणी

पितळेची १.६ मिलिमीटरची तार आणि बारीक वायसर पुण्यात बोहरी आळीत शोधलं की मिळतात. पण आधी कोरडी जोडणी करा. चष्मेवाल्याकडे किंवा घड्याळवाल्याकडे १.६ चे इवलेसे नट-बोल्ट मिळतात, ते घालून वस्तरा उघडा, मिटा, उजेडात वरून बघा पातं दोन्ही पट्ट्यांपासून सारखं लांब आहे का. नसेल तर दोष पाचरीत आहे की भोकात हे आत्ताच कळेल.

खरी रिबिट मारताना पाचरीकडची आधी, फिरण्याची शेवटी. तार वायसरच्या वर दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटरच ठेवायची, जास्त ठेवली तर ती भोकात वाकते आणि लाकूड चिरतं. छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने, लोखंडाच्या ठोकळ्यावर, टिकटिक टिकटिक, चार टिचक्या एका बाजूला, उलटवून चार दुसऱ्या बाजूला. आवाज ठाण आला म्हणजे तुम्ही घाईत आहात. मी एकदा शेवटच्या रिबिटीला, जेवायला बोलावलं म्हणून, दोन जोराचे मारले आणि पंधरा दिवसांची पट्टी टोकापासून उभी चिरली. आई म्हणाली, जेवण थांबलं असतं की.

पातं फिरताना थोडा विरोध हवा, नुसतं लोंबकळायला नको.

धार

यावर वेगळं लिहावं लागेल इतकं आहे, पण गाभा सांगतो. सुरीला आपण कोन हाताने धरतो, वस्तऱ्याला कोन धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली, बस. पाठीची जाडीच कोन ठरवते, पाठ ५ मिलिमीटर आणि पात्याची रुंदी १७ असेल तर कोन साधारण १७ अंश येतो. म्हणूनच पाठ उगाच घासायची नसते, तिच्यावर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावा आणि एकदा लावला तर शेवटच्या दगडापर्यंत ठेवा, फाटला तर नवीन. मधेच काढला तर कोन बदलतो.

दगड सपाट हवा, नवा दगडसुद्धा काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करून घ्या. सुरुवात १००० नंबरच्या दगडावर. हात फुलीसारखा तिरका, टाचेकडून, म्हणजे मुठीकडच्या बाजूने, टोकाकडे सरकत, धार पुढे ठेवून, वजन फक्त वस्तऱ्याचं आणि थोडंसं बोटाचं. धारेवर मार्करने काळं करा, दोन हात फिरवा आणि बघा, काळं कुठे उरलंय तिथे दगड पोचत नाहीये. दोन्ही बाजू टोकापासून टाचेपर्यंत भेटल्या की पिकलेल्या टोमॅटोवर नुसतं ठेवून ओढा, न दाबता साल चिरली पाहिजे. ती सगळ्या लांबीवर चिरत नाही तोवर १००० सोडायचा नाही, मग दोन तास लागोत. बहुतेकांची धार इथेच फसते आणि ते दोष बारीक दगडाला देतात.

नंतर ४०००, मग ८०००, मग १२०००, प्रत्येकावर पंचवीस-तीस हात, दाब कमी कमी करत, शेवटी जवळजवळ शून्य. इतके दगड घ्यायचे नसतील तर किंग कंपनीचा १०००/६००० जोडदगड आणि पुढे जाड काचेवर चिकटवून १ आणि ०.३ मायक्रॉनच्या लॅपिंग फिल्म, म्हणजे अगदी बारीक घासायचे कागद, स्वस्तात काम होतं.

मग चामड्याचा पट्टा. इथे उलटं, पाठ पुढे आणि धार मागे, आणि वळवताना पाठीवरून पलटायचं, धारेवरून पलटलात तर पट्टा कापला आणि धारही गेली. आधी जाड सुती कापडावर वीस-तीस, मग चामड्यावर पन्नास-साठ. पट्टा ताणून धरा, ढिला धरला की धार गोल होते. मनगटाच्या वर केसांना टेकवून बघा, कातडीपासून थोडं वर धरून केस टपकन पडला तर झालं.

पहिली दाढी

जुना वस्तरा म्हणजे कुणाच्या तरी रक्ताला लागलेला वस्तरा, हे विसरू नका. मूठ चढवायच्या आधी पातं जंतुनाशकात बुडवून, धुवून, स्पिरिटने पुसून घ्या, आणि पुढेही तो एकाच माणसाचा ठेवा, कावीळ-बी सारखे आजार रक्तातून जातात. पहिल्या दिवशी फक्त गाल करा. गरम पाण्याने तोंड धुऊन, भरपूर फेस, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, पातं कातडीशी तीसेक अंशांवर, छोटे हात, केसाच्या दिशेनेच. हनुवटी आणि ओठाचा वरचा भाग पंधरा दिवसांनी. तुरटी जवळ ठेवा, लागेल. आणि ओढल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, परत पट्ट्यावर, नाहीतर परत ८००० वर.

झालं की पातं धुवा, पुसा, पट्ट्यावर दहा हात कोरडे मारा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरवा, पाठीकडून. खोबरेल नको, कालांतराने चिकट होतं. मूठ उघडी ठेवून तासभर वाळू द्या. पावसाळ्यात चामड्याच्या केसमधे आणि बाथरूममधे तर अजिबात ठेवू नका, मी कपाटात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर डब्यात ठेवतो. पहिल्या उन्हाळ्यात लाकूड थोडं आकसतं आणि फिरण्याची रिबिट ढिली वाटते. तेव्हा घाबरून सगळं उघडू नका, ठोकळ्यावर ठेवून दोन्हीकडून दोन-दोन हलक्या टिचक्या मारल्या की बसते, माझी एप्रिलमधे मारली ती अजून घट्ट आहे.